तित्तिरांची शिकार आणि म्हातारा कुत्रा : इंग्लंडमधील एका व्यवहाराचा इतिहास (१५७०–१८७२)

१

इंग्लंडमधील वुस्टरशायर परगण्यात ७ ऑक्टोबर १६८५ रोजी एक करारपत्र लिहिले गेले. लिहून देणारा जॉन हॅरिस हा हार्टलबरी पॅरिशमधील विल्डन येथे राहणारा योमन, म्हणजे आपल्या जमिनीची मशागत आपणच करणारा शेतकरी. लिहून घेणारा हेन्री हर्बर्ट हा रिब्सफर्डचा जमीनदार. कराराचा विषय होता क्वांड नावाची एक स्पॅनियल जातीची कुत्री. दहा शिलिंग रोख आणि पुढे द्यावयाचे तीस शिलिंग, एवढ्या मोबदल्यात हॅरिसने या कुत्रीस येत्या १ मार्चपर्यंत सांभाळावे आणि तित्तिर, फेझंट व इतर पक्षी दाखविण्याचे काम उत्तमातल्या उत्तम कुत्र्याप्रमाणे शिकवावे, असे ठरले. हे करारपत्र एकोणिसाव्या शतकातील श्वानविषयक ग्रंथांतून पुनःपुन्हा छापले गेले. इंग्लंडमध्ये त्या काळी कुत्र्याचे शिक्षण हा पैसे घेऊन करण्याचा धंदा होता याचा पुरावा म्हणूनच त्याचा उल्लेख बहुधा होतो.

परंतु या पत्राचा खरा मनोवेधक भाग त्याच्या शेवटी आहे. वापर वा सराव न राहिल्यामुळे, किंवा अन्य कोणत्याही कारणाने, कुत्री आपले काम विसरली, तर हॅरिसने स्वखर्चाने तिला महिनाभर वा अधिक काळ आपल्याकडे ठेवावयाचे आणि पुन्हा शिकवावयाचे. आणि हे जितक्या वेळा गरज पडेल तितक्या वेळा करावयाचे. या कलमाला मुदत नाही. शिक्षणाची मुदत १ मार्च ही आहे; विसरण्याची मुदत मात्र कुत्रीच्या आयुष्याइतकी. एखादे यंत्र विकणारा जशी दुरुस्तीची हमी देतो तशी ही हमी आहे, परंतु यंत्राची हमी काही वर्षांनी संपते. ज्या प्राण्याचे कामाचे आयुष्य फार झाले तर नऊ-दहा वर्षांचे, त्याच्यासंबंधी अशी बिनमुदतीची हमी देताना लिहिणाऱ्याच्या व लिहून घेणाऱ्याच्या मनात वार्धक्याचा विचार आलाच नाही, असे मानणे कठीण आहे. ‘अन्य कोणत्याही कारणाने’ या तीन-चार शब्दांत तो दडलेला असावा. विसरणे आणि म्हातारे होणे यांतील सीमारेषा कोणती, हे ठरविण्याचे काम कराराने नंतरच्या भांडणावर सोपविलेले दिसते.

पक्ष्यांच्या शिकारीच्या इतिहासात बंदुका, कायदे, जमिनीची मालकी आणि पक्ष्यांची संख्या यांची चर्चा विपुल झाली आहे. कुत्र्यांच्या जातींविषयीही पुष्कळ लिहिले गेले आहे. कुत्र्याच्या वयाचा विचार मात्र या चर्चेत क्वचितच येतो. वास्तविक एखाद्या लहानशा शिकारीचा बेत आखताना, विशेषतः घरी एकच कुत्रा असलेल्या मनुष्याला, इतर सर्व गोष्टी त्या एका गोष्टीवर अवलंबून ठेवाव्या लागत. दिवस कोणता, निघावयाचे कधी, शेते किती, परत फिरावयाचे कोठून, या प्रश्नांची उत्तरे कुत्रा चार वर्षांचा आहे की अकरा वर्षांचा आहे यावर बदलत. आणि ही उत्तरे दोनशे-तीनशे वर्षांत एकसारखी राहिली नाहीत.

२

क्वांड जे काम शिकणार होती त्याचे पहिले सविस्तर इंग्रजी वर्णन याच्याही शंभरावर वर्षे आधीचे आहे. केंब्रिजचे वैद्य जॉन कायस यांनी इंग्लंडमधील कुत्र्यांसंबंधी लॅटिनमध्ये एक छोटा ग्रंथ लिहिला. झुरिकचे सृष्टिशास्त्रज्ञ कॉनराड गेस्नर यांच्यासाठी हा मजकूर तयार झाला होता. गेस्नर १५६५ मध्ये वारले आणि ग्रंथ १५७० मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. अब्राहम फ्लेमिंग यांचा इंग्रजी अनुवाद १५७६ चा. कायस कुत्र्यांची विभागणी रूपावरून करीत नाहीत, कामावरून करतात, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पक्ष्यांच्या शिकारीतील एका कुत्र्याला ते लॅटिनमध्ये ‘इंडेक्स’ म्हणतात. हा कुत्रा पाय वाजवीत नाही, भुंकत नाही. पक्ष्याचा वास लागताच तो थबकतो, पोट जमिनीला टेकवून पुढे सरकतो आणि पंजाने जागा दाखवितो. मग शिकारी जाळे पसरतो.

‘इंडेक्स’ म्हणजे दाखविणारा. पण लॅटिनमध्ये त्याच शब्दाला खबऱ्या हाही अर्थ होता. फ्लेमिंग यांनी त्यासाठी जो ‘सेटर’ शब्द योजला त्याचे मूळ ‘दबकून बसणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. हॅरिसच्या करारपत्रात तर ‘सिटिंग’ म्हणजे ‘बसणारे’ कुत्रे असेच लिहिले आहे. गंमत अशी की, सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या इंग्रजीत ‘सेटर’ या शब्दालाही चोरांना सावज दाखवून देणारा माणूस असा अर्थ आला. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ या नाटकाच्या पहिल्या भागात वाटमारीच्या प्रसंगी तो याच अर्थाने येतो. दोन भिन्न भाषांतील दोन भिन्न धातूंपासून निघालेले शब्द कुत्रा आणि खबऱ्या या एकाच जोडीवर येऊन थांबावेत, यावरून त्या कामाकडे लोक कोणत्या दृष्टीने पाहत होते ते दिसते. कुत्र्याने मारावयाचे नव्हते, पकडावयाचेही नव्हते. त्याने सांगावयाचे होते. ‘स्पॅनियल’ हा शब्द स्पेन या देशनामावरून आला. चौदाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समधील फ्वाचा काउंट गास्तों फेबुस यानेही आपल्या शिकारग्रंथात हे कुत्रे त्या देशातील असल्याचे नोंदविले आहे. जाळ्याने तित्तिर व लावे पकडण्यासाठी त्यांना दबून बसण्यास शिकवितात, ही माहितीही त्याच परंपरेत आहे.

(आपल्याकडील शब्दांचा कल थोडा वेगळा आहे. ‘मृगया’ शब्दातील धातूचा मूळ अर्थ शोधणे हा आहे. ‘पारध’ हा प्राकृतमधून आलेला, तर ‘शिकार’ हा फारसी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त बाराव्या शतकात सारमेयविनोद, श्येनविनोद, लावकविनोद आणि मृगयाविनोद असे चार निराळे विनोद सांगितले आहेत. म्हणजे कुत्रा, ससाणा, लावा आणि शिकार हे चारही विषय दख्खनच्या या संस्कृत ग्रंथात शेजारी शेजारी आहेत.)

दबून बसणारा कुत्रा उपयोगी पडतो याचे कारण तित्तिराच्या स्वभावात आहे. इंग्लंडमधील करडा तित्तिर जमिनीवर घरटे करतो. पिले बहुधा जूनमध्ये बाहेर येतात आणि आईबापांसह एकच थवा करून हिवाळाभर राहतात. जानेवारी-फेब्रुवारीत हे थवे फुटून जोड्या जमतात. आकाशात ससाणा दिसला की तित्तिर उडत नाही. गवतात अंग चोरून बसतो. कुत्रा हळू आणि शांतपणे जवळ आला तरी तो तसाच बसून राहतो. अशा वेळी दोन माणसे जाळ्याची दोन टोके धरून पुढे चालतात आणि कुत्र्यासकट सबंध थव्यावर जाळे ओढतात. कुत्र्याच्या अंगावरून जाळे गेले तरी त्याने हलता कामा नये. हर्बर्टने १ मार्च ही तारीख का घातली असावी हेही येथे उलगडते : ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढाच काळ थवे एकत्र असतात आणि शिकवावयाचे तर त्याच दिवसांत शिकविता येते.

१६२१ मध्ये जर्व्हेस मार्कम यांनी पक्षी धरण्याच्या सर्व प्रकारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात अशा कुत्र्याच्या निवडीचा व शिक्षणाचा भाग मोठा आहे. कुत्र्याला धीर हवा, नाक हवे, आज्ञा ऐकण्याची सवय हवी. वेग हा गुण या कामात मुळीच महत्त्वाचा नाही. किंबहुना तो दोष आहे. जोरात धावणारा कुत्रा थव्यावर जाऊन आदळतो. येथे वयाचा प्रश्न उलटा होतो. चार वर्षांच्या कुत्र्याचा आवेश शिक्षकाला मोडावा लागतो. नऊ वर्षांच्या कुत्र्याचा तो आपोआप मोडलेला असतो. घ्राणशक्ती वयाबरोबर कमी होते हे खरे, पण कुत्र्याच्या इंद्रियांपैकी ती बहुधा सर्वांत उशिरा मंदावते. ऐकणे आणि पाहणे आधी जाते. जाळ्याच्या शिकारीत बोलावयाचे नसतेच, तेव्हा थोडे बहिरेपण फारसे आड येत नसे. सांधे आखडलेला, सावकाश चालणारा, पण नाक शाबूत असलेला कुत्रा या युगात निकामी नव्हता, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. हॅरिसच्या करारात भीती विसरण्याची आहे, थकण्याची नाही, ती यामुळे.

३

१६६० नंतर उडत्या पक्ष्यावर बंदूक झाडण्याची पद्धत इंग्लंडमध्ये रूढ होत गेली. अठराव्या शतकात जाळे हळूहळू सभ्य गृहस्थाच्या हातातून सुटले आणि चोरट्या शिकाऱ्याचे हत्यार ठरले. याच शतकाच्या आरंभी पॉइंटर हा स्पेनकडून आलेला उभा राहून दाखविणारा कुत्रा सेटरच्या जोडीला आला. तथापि कुत्र्याच्या कामाची गती एकदम बदलली नाही. चकमकीची बंदूक तोंडाकडून ठासावी लागे : दारू, वर कागद वा नमद्याची गुडदी, मग छर्रे, पुन्हा गुडदी, आणि शेवटी कानात दारू. एक बार झाला की कुत्र्याने आहे तेथे थांबावयाचे आणि धन्याने बंदूक पुन्हा भरेपर्यंत तेथून हलावयाचे नाही. बसून राहणारा एखाददुसरा पक्षी त्या अवधीत उडून गेला तर बार वाया. म्हणजे बंदूक आली तरी धीराची किंमत टिकून राहिली. फक्त चालण्याचे अंतर वाढले. वार्धक्याचा भार आता नाकावर न पडता पायांवर पडू लागला.

१८०० च्या सुमारास मध्यम स्थितीतील एखाद्या ग्रामीण गृहस्थाने आपल्या दहा वर्षांच्या सेटरला घेऊन अर्ध्या दिवसाची शिकार करावयाची म्हटले, तर त्याला कशाचा विचार करावा लागे ते पाहण्यासारखे आहे. पहिली गोष्ट तारीख. हंगाम सप्टेंबरात उघडे आणि पहिल्या दिवसाचा मान मोठा. पण सप्टेंबरची दुपार तापते, जमीन कोरडी असते, आणि कोरड्या उष्ण जमिनीवर वास टिकत नाही. म्हातारा कुत्रा उष्णता लवकर सहन करीत नाही आणि धापा टाकणाऱ्या कुत्र्याचे नाक नीट काम करीत नाही, कारण तोंडाने श्वास घेताना वास हुंगता येत नाही. तेव्हा पहिल्या दिवसाचा मोह सोडून महिनाअखेरीचा ढगाळ, मंद वाऱ्याचा दिवस गाठणे हे शहाणपणाचे. फार उशीरही चालत नाही. ऑक्टोबर उलटला की थवे सावध होतात, कुत्रा दिसताच दूरवरून उठतात, आणि मग वेगवान कुत्र्यावाचून गत्यंतर राहत नाही.

दुसरी गोष्ट वेळ. तित्तिर सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर धान्य काढलेल्या शेतात टिपावयास येतात. मधल्या वेळी कुंपणाच्या आडोशाला, सलगमाच्या पिकात वा धुळीत अंग लोळवीत पडून राहतात. भल्या सकाळचे दाट दव कुत्र्याचे अंग भिजवून टाकते आणि म्हाताऱ्या सांध्यांना ते मानवत नाही. दव सुकू लागल्यावर निघून माध्यान्हापूर्वी परतणे, हाच म्हाताऱ्या कुत्र्याचा दिवस. त्यातून फार तर तीन-चार शेते निघत. ही शेते निवडताना वाऱ्याची दिशा पहिली. कुत्र्याला वाऱ्याच्या समोरून आणले पाहिजे. तरुण कुत्रा शेताच्या एका टोकाला जाऊन वळसा घालतो आणि वारा गाठतो, म्हाताऱ्याला ते वळण धन्याने स्वतः चालून द्यावे लागते. म्हणजे माणसाची पायपीट वाढते ती कुत्र्याची वाचविण्यासाठी. शेवटचे शेत घराजवळचे असावे आणि वाटेत पाणी असावे. हे नियम छापील ग्रंथांपेक्षा शेतावर राहणाऱ्या माणसांच्या तोंडी अधिक असावेत. त्यांत गूढ असे काही नाही.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक होती : तरुण कुत्रा बरोबर न्यावा की नाही. पुढचा कुत्रा थबकला की मागच्याने, त्याला स्वतःला वास आला नसला तरी, तेथेच थबकावे, अशी शिस्त या कुत्र्यांना लावीत. मराठीत सांगावयाचे तर मागचा कुत्रा पुढच्याची साक्ष मानतो. तरुण कुत्र्याला ही साक्ष मानावयास शिकविण्यासाठी भरवशाचा म्हातारा कुत्रा लागे. अशा दिवशी म्हातारा शिक्षक असतो आणि शिकार गौण असते. परंतु दोघांना एकत्र सोडले की म्हातारा तरुणाच्या वेगाशी स्पर्धा करू लागतो आणि तासाभरात लंगडतो. उलट तरुण म्हाताऱ्याच्या खोडीही उचलतो. दोन्ही बाजूंचे हित एका सकाळी साधत नाही. ज्याला कुत्रा टिकवावयाचा आहे त्याने त्याला एकट्याला न्यावे, ज्याला विद्या टिकवावयाची आहे त्याने दोघांना न्यावे. आणि बहुतेकांना दोन्ही हवे असे.

पुढे १८४८ मध्ये कर्नल विल्यम हचिन्सन यांनी कुत्र्यांच्या शिक्षणावर जो लोकप्रिय ग्रंथ लिहिला, त्यात आरडाओरडा व मारपीट टाळून हाताच्या खुणांनी कुत्रा चालविण्यावर भर आहे. त्यांचा हेतू पक्षी बिचकू नयेत हा. परंतु लहानपणापासून खुणांवर वाढलेला कुत्रा बहिरा झाला तरी आज्ञेबाहेर जात नाही, हा त्या पद्धतीचा एक लाभ म्हणावा लागेल. हाकेवर वाढलेल्या कुत्र्याची हाक ऐकू येईनाशी झाली की त्याची विद्या असूनही नसल्यासारखी होते. क्वांडच्या करारातील ‘विसरणे’ कित्येक वेळा प्रत्यक्षात ‘न ऐकणे’ असावे.

४

या सगळ्या बेतामागे कायदा उभा होता. १६७१ च्या कायद्याने वर्षास शंभर पौंड उत्पन्नाची स्वतःच्या मालकीची जमीन, किंवा दीडशे पौंड उत्पन्नाचा दीर्घ मुदतीचा पट्टा, एवढी ऐपत नसलेल्या माणसाला शिकारीच्या पक्ष्यांवर हक्क उरला नाही. इतकेच नव्हे, तर बंदूक, जाळे, फासा यांच्याबरोबर दबून बसणारा कुत्रा बाळगण्यासही त्याला बंदी झाली. जमीनदाराने नेमलेला रखवालदार अशा माणसाच्या घराची झडती घेऊन कुत्रा जप्त करू शके. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या दुसऱ्या कायद्याने पाच पौंड दंड किंवा तीन महिने कैद ही शिक्षा ठरविली. हॅरिसचा करार या १६७१ च्या कायद्यानंतर चौदा वर्षांनी झालेला आहे. शिकविणारा शेतकरी आणि मालक जमीनदार. कुत्री शेतकऱ्याच्या घरी पाच महिने राहणार होती. तेव्हा ती कोणाची आणि कशासाठी आहे हे सांगणारा लेखी कागद हॅरिसजवळ असणे त्याच्या दृष्टीने निरर्थक नव्हते, असा तर्क करण्यास जागा आहे.

कायद्याचा एक परिणाम असा की, ज्यांच्याजवळ कौशल्य होते त्यांच्याजवळ हक्क नव्हता, आणि हक्क असलेल्यांपैकी पुष्कळांना कौशल्य विकत घ्यावे लागत होते. म्हातारा कुत्रा या दोहोंच्या मधल्या जागेत पडे. मालकाच्या श्वानगृहातून निकामी ठरलेला कुत्रा गावातील एखाद्या माणसाला द्यावा, तर ऐपत नसलेल्या घरात तो गुन्ह्याचा पुरावा ठरणार. नाक शाबूत असलेला म्हातारा सेटर चोरट्या शिकाऱ्याच्या जाळ्यासाठी तर सर्वांत सोयीचा. रात्री आवाज न करता थवा दाखविणारा कुत्रा त्याला हवाच असे. म्हणून श्वानगृहातून निघालेल्या कुत्र्याला म्हातारपणी गावात आसरा मिळणे कायद्यानेच अवघड करून ठेवले होते.

१७८४ मध्ये शिकारीसाठी वार्षिक परवान्याचा कर आला. १७९६ मध्ये कुत्र्यांवरच कर बसला. सूचना मांडणारे सभासद जॉन डेंट यांना त्यामुळे ‘डॉग डेंट’ हे टोपणनाव चिकटले. विल्यम विंडम यांनी सूचनेला कडाडून विरोध केला. गरीब माणसाच्या सोबत्यावर हा घाला आहे आणि कर टाळण्यासाठी कुत्र्यांची कत्तल होईल, हा विरोधाचा सूर होता. कर शेवटी पंतप्रधान पिट यांच्या सुधारलेल्या स्वरूपात मंजूर झाला आणि शिकारी कुत्र्यांसाठी त्याचा दर अधिक, पाच शिलिंग, ठरला. या कराची मोजणी कुत्र्यांच्या संख्येवर आणि प्रकारावर होती. कुत्रा काम करतो की चुलीपुढे पडून असतो याचा विचार तिच्यात नव्हता. श्रीमंताला पाच शिलिंग काहीच नव्हते. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र निवृत्त कुत्रा हा आता केवळ भाकरीचा नव्हे, रोख रकमेचाही खर्च झाला.

श्रीमंताच्या घरी काय होई याचा एक नमुना बकिंगहॅमशायरमधील वेस्टन अंडरवुड येथे आहे. तेथील सर जॉन थ्रॉकमॉर्टन यांच्या नेपच्यून नावाच्या पॉइंटरसाठी कवी विल्यम कूपर यांनी १७९० नंतरच्या दशकात मृत्युलेख रचला. स्वतः रक्त न सांडता पुष्कळांच्या मरणाला कारण झालेला, बंदुकीला नेम देणारा पण चाप न ओढणारा, असे त्याचे वर्णन करून कवीने त्या प्राण्याचे काम नेमके पकडले आहे. कायस यांच्या ‘इंडेक्स’चीच ही पद्यमय व्याख्या होय. १८३१ च्या कायद्याने ऐपतीची अट रद्द केली आणि तित्तिरांचा हंगाम १ सप्टेंबर ते १ फेब्रुवारी असा कायम केला.

५

म्हाताऱ्या कुत्र्याची जागा कायद्याने जेवढी हिरावली नाही तेवढी विळ्याने हिरावली, हे विधान विचित्र वाटेल. परंतु ते खरे आहे. गहू विळ्याने कापीत तेव्हा सड गुडघ्याच्या जवळपास उंच राही आणि त्यात तणही असे. तित्तिराला लपावयास एवढे पुरे. एकोणिसाव्या शतकात प्रथम लांब दांड्याचे कोयते आणि नंतर घोड्याने ओढावयाची कापणीयंत्रे आली, सड जमिनीसरशी झाला, शेतेही तणरहित झाली. उघड्या शेतात बसलेला थवा माणसाला शंभर पावलांवरून पाहतो आणि उठतो. कुत्रा कितीही हळू आला तरी पक्षी त्याची वाट पाहीनासा झाला. काही शिकारी ससाण्याच्या आकाराचा पतंग शेतावर उडवू लागले, ते थव्याने पूर्वीसारखे दबून बसावे म्हणून. जुन्या स्वभावाला जाग आणण्यासाठी कागदी ससाणा लागावा, ही त्या काळाची स्थिती होती.

बंदूक याच सुमारास बदलली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात फ्रान्सची मागून भरावयाची काडतुसाची बंदूक इंग्रज कारागिरांनी पाहिली आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत ठासणीची बंदूक मागे पडली. भरण्याचा अवधी मिनिटावरून क्षणांवर आला. आता पक्षी माणसाकडे हाकून आणावे आणि एका जागी उभे राहून मारावे, हे शक्य व किफायतशीर झाले. हाकारे आले, शोधणाऱ्या कुत्र्याचे काम गेले. पडलेला पक्षी उचलून आणणारा रिट्रीव्हर तेवढा उरला. ज्या गुणांवर म्हातारा सेटर जगत होता ते गुण, म्हणजे सावकाशी, धीर व दीर्घ ओळख, विचारणारे कोणी राहिले नाही.

सेटर व पॉइंटर नाहीसे झाले नाहीत. ते स्पर्धेत गेले. १८६५ मध्ये बेडफर्डशायरमधील साउथिल येथे शिकारी कुत्र्यांची पहिली जाहीर मैदानी परीक्षा झाली. तीत नाकाला गुण होते, तसेच वेग आणि पल्ला यांनाही स्वतंत्र गुण होते. मार्कम यांनी जो दोष मानला असता तो येथे गुण म्हणून मोजला जाऊ लागला. परीक्षेच्या मैदानावर नऊ वर्षांच्या कुत्र्याला जागा नव्हती.

या युगाचा एक भाषिक अवशेष मात्र नोंदविण्याजोगा आहे. एडवर्ड लॅव्हरॅक यांनी १८७२ मध्ये सेटरवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा प्रसिद्ध वंश १८२५ मध्ये मिळविलेल्या पाँटो आणि ‘ओल्ड मॉल’ या जोडीपासून निघाला. ‘ओल्ड’ हे विशेषण त्या कुत्रीला ती म्हातारी होती म्हणून लागलेले नाही. वंशावळीत ते पूर्वजाचे, मूळपुरुषाचे चिन्ह आहे. मराठीतील ‘थोरले’ या शब्दाशी ते ताडून पाहावे. थोरले माधवराव पेशवे १७७२ मध्ये वारले तेव्हा त्यांचे वय केवळ २७ वर्षांचे होते. त्यांचे थोरलेपण त्याच नावाच्या पुढच्या पेशव्यामुळे आलेले आहे, वयामुळे नव्हे. शिकारी कुत्र्यांच्या वंशावळीत ‘ओल्ड’ शब्दाला मान मिळाला तो जेव्हा प्रत्यक्ष म्हाताऱ्या कुत्र्याचे काम संपत आले होते तेव्हाच. शेतातील म्हातारपणाची किंमत उतरली आणि कागदावरील म्हातारपणाची चढली.

६

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तित्तिर-लाव्यांची शिकार हा इतिहासाचा विषय झाला आहे. ब्रिटनमध्ये शिकार कायदेशीर असली तरी करडा तित्तिर आता विरळ आहे. १९६० नंतरच्या दशकापासून त्याची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. ससेक्समध्ये १९६८ पासून चाललेल्या अभ्यासाने याचे एक मोठे कारण पुढे आणले : तणनाशकांमुळे शेतातील तण गेले, तणांबरोबर त्यांवरचे किडे गेले, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत किड्यांवरच वाढणाऱ्या पिलांची उपासमार झाली. तणरहित शेतांची जी वाट एकोणिसाव्या शतकात सुरू झाली तिचा हा पुढचा टप्पा.

उत्तर इंग्लंड व स्कॉटलंडच्या माळरानांवर लाल ग्राउस या पक्ष्याची गणती करण्यासाठी मात्र दाखविणारे कुत्रे अजून वापरले जातात. ठराविक तुकडा आखून घेतात, वाऱ्याच्या समोरून कुत्रा सोडतात आणि तो थबकेल तेथे माणूस जातो. येथे बंदूक नाही, घाई नाही, आणि पुढे धावून पक्षी उठविणारा कुत्रा मोजणी बिघडवितो. सावकाश चालणारा, एकही जागा न सोडणारा कुत्रा या कामाला हवा असतो. तो थबकतो, माणूस दोन पावले पुढे होतो, पक्षी उठतात, आणि त्यांतील प्रौढ किती व पिले किती हे वहीत लिहिले जाते.